चिंचेपर्यंत

कंडक्टर ओरडायचा, "चिंचवाले, चला, दाराशी या!" आणि दोन-चार माणसं पिशव्या सावरत उतरायची. उतरल्यावर समोर पंक्चरचं दुकान होतं.

*

बांबू चिरताना येणारा आवाज कापड फाटल्यासारखा नसतो. कुणीतरी दात मिटून हसल्यासारखा असतो.

*

घराचा उंबरा पाचमध्ये होता, चूल सहामध्ये.

*

तोडून आणलेल्या ओंडक्याला हळदकुंकू वाहिलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

*

"...जुन्या कचेरीच्या भिंतीपासून पूर्वेकडे चिंचेपर्यंत, तेथून वळून दक्षिणेकडे..."

*

इंदूबाई वडतिले पालिकेत आल्या तेव्हा माझ्या टेबलावर हेच वाक्य उघडं पडलं होतं. मी कोळगिरीच्या नगरपालिकेत रचना सहायक म्हणून नवीन लागले होते. निवडणूक जवळ आली की गावाचे प्रभाग पाडायचे, म्हणजे कुठलं घर कुठल्या वॉर्डात ते ठरवायचं, हे माझ्या खात्याचं काम. कच्चा आराखडा भिंतीवर लावला होता आणि लोकांच्या हरकती येत होत्या. बहुतेक हरकती टाइप केलेल्या असायच्या. इंदूबाईंनी टाइप केलेलं काही आणलं नव्हतं. त्यांनी कामट्या आणल्या होत्या. बांबूच्या चिरलेल्या पातळ पट्ट्या, मुठीत मावतील एवढ्या.

"नकाशा कुठाय?" त्या म्हणाल्या.

मी दाखवला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याच्यावरच कामट्या मांडायला लागल्या.

"ही आमची आळी. बुरूड आळी. हे तोंड, रस्त्याकडचं. हा शेवट, वढ्याकडचा. हितं माझं घर. मधोमध." त्यांनी एक कामटी उचलली आणि कटकन मोडली. "आता हे असं केलंय तुमी. का केलंय?"

"हद्द तशी आहे, मावशी."

"तशी म्हंजी कशी? रस्ता सरळ येतो, आळीत शिरतो, माझ्या दारापातूर येतो आन् एकाएकी वळतो. माणूस पिऊन चालल्यागत. अर्धी आळी पाचात, अर्धी सहात. पाचवाला म्हणतो, बाई, तुमचा पाइप सहातनं यायचा, तिकडं सांगा. सहावाला म्हणतो, टाकी पाचात हाय, तिकडं सांगा. गावात समद्यांला नळ हाय. आमी अजून कळश्या घेऊन मुलान्याच्या हापशावर. ह्या खेपंला तरी आळी एका वॉर्डात घाला. फुटलेल्या आळीला कोण इचारतंय?"

शेजारच्या टेबलावरून ढोले अण्णांनी मान वर केली. ढोले अण्णा आमचे हेडक्लार्क, केस पिकले तरी भांग पाडायचे. "इंदू, हद्द पूर्वापार हाय ती. मॅडमनी न्हाई पाडली."

"मग कुणी पाडली?"

"पूर्वापार म्हंजी कुणी न्हाई."

इंदूबाईंनी कामट्या गोळा केल्या. मोडलेली तेवढी नकाशावर ठेवली. "ही ऱ्हाऊ द्या. हरकत म्हनून."

*

मी ती कामटी फाइलला लावली. दाभणाने भोक पाडून. अण्णा म्हणाले, नोकरी नवीन आहे म्हणून चालतंय.

*

मला त्या वळणाचं कुतूहल लागलं. कारण खरंच, नकाशावर ती रेघ विचित्र दिसत होती. प्रभागाच्या सीमा रस्त्याने जातात, ओढ्याने जातात, सरकारी भिंतीने जातात. ही रेघ एका आळीत शिरत होती आणि कशालाच न धडकता वळत होती. मी अण्णांना विचारलं, चिंच कुठली?

"चिंच म्हंजी चिंच. गावात सगळ्यांला ठावं हाय."

"तुम्हांला?"

"मला बी."

"कुठं आहे?"

अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. "हाय की तिकडं."

मागच्या निवडणुकीचं वर्णन काढलं. तेच वाक्य. त्याच्या मागचं. तेच. प्रभागांचे आकडे बदलले होते, घरं वाढली होती, नवीन वसाहती आल्या होत्या, पण कचेरीच्या भिंतीपासून चिंचेपर्यंत हे शब्द कुणीतरी कायम उतरवून काढत आलं होतं. नकाशे मात्र सारखे नव्हते. जुन्यात ते वळण गावाच्या मधल्या भागात होतं. पुढच्यात थोडं पूर्वेला. त्याच्या पुढच्यात आणखी. शब्द जागेवर आणि रेघ चालती. नकाशा काढणारे वेगवेगळे, हात वेगवेगळे, असं मी स्वतःला सांगितलं. पण हात चुकले तर कधी इकडे, कधी तिकडे चुकतील. सगळे एकाच दिशेला कसे चुकतात?

*

चिंच कुठाय?

निवृत्त झालेले एक गुरुजी, व्हरांड्यात धोतर वाळत घालताना: "बँकेच्या तिथं. पूर्वी जुनी कचेरी होती ना, तिच्या भिंतीला लागून. आम्ही शाळेतून येताना थांबायचो. मस्त सावली असायची."

"चिंचेची?"

"सावली लिंबाची. लिंब होता तिथं."

"आणि चिंच?"

"लिंबाखालीच की." आणि ते आत गेले, कारण आत दूध उतू जात होतं.

एसटीचा कंडक्टर, तिकिटं मोजत: "चिंच हा आमचा थांबा आहे. अधिकृत नाही, विनंती थांबा. पंक्चरवाल्यासमोर."

बाजारातल्या गाळ्यांपाशी चहाची गाडी लावणारा माणूस, माझ्याकडे न बघता: "हितंच. गाळे झाले तवा गेली."

"तोडली?"

"तोडली म्हंजे... उठवली."

हा शब्द मला खटकला होता. झाड तोडतात, उपटतात, छाटतात. उठवतात कुठे? पण मी चहा प्यायला लागले आणि विसरले.

*

शेवटी बुरूड आळीत गेले. इंदूबाई दारात बसून टोपली विणत होत्या, पायाच्या अंगठ्यात कामटी धरून. मला बघून त्यांनी पाट सरकवला.

"मावशी, चिंच कुठं होती ते बघायला आलेय."

हात थांबले. "आमची चिंच व्हय? गेली की ती."

"हो, आता नाही ते कळलं. कधी गेली?"

"भादव्यात. लई वर्सं झाली. शेवटी शेवटी हलना झाली. पाय गेलं होतं."

मी वहीत लिहिलं: झाड भाद्रपदात पडले, मुळं कुजली असावीत.

"कुठं होती पण?"

त्या काही बोलणार एवढ्यात समोरच्या घरातून त्यांचे दीर यशवंता आले, गळ्यात टॉवेल. यशवंता आळीतले पुढारी. आळीत काही झालं की आधी तेच बोलायचे. "मॅडम, मी सांगतो. चिंच त्या तितं होती. वढ्याला. आळीच्या पार टोकाला." त्यांनी हात लांब केला. "म्हंजी हद्द कुठवर पायजे? वढ्यापातूर. म्हंजी आळी सगळी पाचात. हिशेब सोपा हाय. न्हाई का वो, वहिनी?"

इंदूबाई दिराकडे बघत राहिल्या. मग कामटी उचलली. "मला नका इचारू. मी काय झाडांचं बघत न्हाई. मी बांबूचं बघती."

"बघा!" यशवंता म्हणाले. "त्यांला बी पटतंय."

मला ते पटणं वाटलं नाही. पण काय वाटलं तेही सांगता आलं नसतं.

*

सुनावणी प्रांतसाहेबांकडे होती. सोनटक्के नावाचे. बारीक, घामाने चष्मा घसरणारे, दर वाक्यानंतर तो वर ढकलणारे. एका बाजूला बुरूड आळी, दुसऱ्या बाजूला दिनकरराव झांबरे. झांबरे पाचचे नगरसेवक, सलग निवडून येत होते. अर्धी आळी त्यांना चालत होती. अख्खी झेपली नसती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आळीलाही.

"साहेब," झांबरे म्हणाले, "मी काय वेगळं मागत नाही. जी हद्द चालत आलीय ती ठेवा. चिंच आळीच्या मधोमध होती. इंदूच्या दारात. मी स्वतः डोळ्यांनी बघितलीय."

"साफ खोटं!" यशवंता उठले. "चिंच वढ्याला होती. पुरावा हाय आमच्याकडं."

"कसला पुरावा?"

"येऊन बघा. खुंट हाय अजून."

सोनटक्क्यांनी चष्मा ढकलला. माझ्याकडे बघितलं. "तुम्ही बघितला खुंट?"

मी ओढ्यापर्यंत गेले होते. खुंट नव्हता. पण मी गेले त्याला काही दिवस झाले होते. "नाही, साहेब," मी म्हणाले. "मला दिसला नाही."

"चला मग. सगळेच चला."

*

आम्ही निघालो. पुढे साहेब, मागे मी नकाशाची गुंडाळी काखेत धरून, माझ्यामागे ढोले अण्णा, मग झांबरे आणि त्यांची माणसं, मग आळी. आळीतली बाया-माणसं काम टाकून दारात उभी. सकाळची उन्हं भिंतींवर आली होती, दारांदारांत सुपं आणि दुरड्या वाळत घातल्या होत्या. साहेबांना एका दुरडीला वळसा घालून जावं लागलं.

ओढ्याच्या काठावर खुंट होता.

कमरेएवढा, जाड, ताज्या मातीत पुरलेला. भोवती शेणाने सारवलेलं. वरती हळदकुंकू. एक नारळ फोडून ठेवलेला.

साहेब खुंटाभोवती एक चक्कर मारून आले. मग झांबरे पुढे झाले. त्यांनी खुंटाची साल नखाने खरवडली, बोटं हुंगली आणि हसायला लागले. आवाज न काढता, पोट हलवत.

"साहेब, ही बाभळ हाय."

"चिंच हाय!" यशवंता.

"अरे येड्या, माझी लाकडाची वखार हाय. बाभळ हाय ही. माझ्याच वखारीतनं नेलीस न्हवं? गाडीवाला सांगत होता, आळीवाल्यांनी ओंडका नेला म्हणून. मला वाटलं, कुणी मयत झालं."

झांबरेंची माणसं खोखो हसली. आळीतली दोन-चार पोरं पण हसली, मग आईचा हात पाठीत बसल्यावर गप्प झाली. यशवंतांचा चेहरा कामटीसारखा बारीक झाला.

"चिंच मिळाली न्हाई वखारीत," ते हळूच म्हणाले. मला ऐकू आलं, कारण मी जवळ होते.

सोनटक्क्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. मला त्यांची दया आली. त्यांना कुठेतरी बसून जेवायचं होतं आणि इथे बाभळीला हळदकुंकू लागलेलं होतं.

"म्हणजे ओढ्याला चिंच नव्हती," ते म्हणाले. "मग झांबरे म्हणतात तसं, मधोमध होती."

"होय साहेब. लिहून घ्या."

"लिहून घ्या म्हणजे? तुम्ही एकटे म्हणताय. आळीतलं कुणी सांगेल का?" त्यांनी गर्दीकडे बघितलं. नजर इंदूबाईंवर थांबली, कारण त्या एकट्याच खुंटाकडे बघत नव्हत्या. त्या मागे, आळीत, आपल्या दाराकडे बघत होत्या. "बाई. तुमचं घर मधोमध आहे ना? चिंच कुठं होती?"

इंदूबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला.

"वहिनी," यशवंता दातांतून म्हणाले.

"सांगा बाई. घाबरू नका."

"घाबरत न्हाई," त्या म्हणाल्या. "इचार करती."

काय विचार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. ओढ्यापाशी चिंच होती असं म्हटलं तर बाभळीने आधीच खोटं पाडलेलं. माहीत नाही म्हटलं तर झांबरेंचं खरं. आणि दारात होती म्हटलं तर संपलंच. आळी पुन्हा मोडणार, तीही त्यांच्याच तोंडून, आणि कळश्या तशाच मुलान्याच्या हापशावर.

मग इंदूबाई चालायला लागल्या. आम्ही सगळे मागे. आपल्या दाराशी आल्यावर त्या थांबल्या आणि उंबऱ्यावर हात ठेवला.

"हितं होती."

आळीतून एक आवाज निघाला, श्वास आत ओढल्याचा. झांबरे म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" यशवंता खाली बसले. नुसते, रस्त्यात.

"इथं? घराच्या उंबऱ्यावर?" सोनटक्के म्हणाले. "एवढ्या अरुंद जागेत झाड? केवढी होती?"

"माझ्या खांद्यापातूर."

"खांद्यापर्यंत? मग रोप होतं म्हणा."

"रोप न्हाई. सासू होती माझी."

*

हसायला कुणाला जमलं नाही. एवढंच आठवतं.

*

इंदूबाई बोलल्या त्या उभ्याउभ्या. मध्येमध्ये थांबत, कुणाकडे न बघता. मी ते नंतर अहवालात चार ओळींत लिहिलं, पण बोलणं चार ओळींचं नव्हतं.

"तान्हूबाई नाव. समदी चिंच म्हनायची. चिंचा इकायची. मीठ लावलेल्या, गुळाच्या, गाभुळलेल्या, पोरांला कोवळ्या. पयली बसायची जुन्या कचेरीच्या भिंतीला, लिंब होता, त्याच्याखाली. लोकं म्हनायची, चिंचेपाशी भेटू. झाड लिंबाचं आन् नाव चिंच. मग पालिकेनं रस्ता रुंद केला, लिंब पाडला, तिला उठवली. ती एसटीच्या थांब्यावर जाऊन बसली. कंडक्टर म्हनायला लागला, चिंच, चिंच. तितनं उठवली, अतिक्रमण म्हनून. गाळ्यांकडं गेली. गाळं झालं, तितनं उठवली. मग आळीच्या तोंडाला बसली, घर जवळ म्हनून. तितनं बी उठवली. तवर पाय गेलं होतं. मग हितं बसली, ह्या उंबऱ्यावर. लोकं हितं यायची. चिंचेकडं जाऊन येतो, म्हनायची. मरुस्तोवर हितं होती."

सोनटक्क्यांनी चष्मा काढला. "ढोले."

"जी."

"हद्द ठरवताना तुम्ही काय करता?"

"वाक्य असतंच साहेब आधीचं. ते घेतो. मग खुणा बघायला माणूस धाडतो."

"आणि तो काय करतो?"

"इचारतो लोकांला. चिंच कुठाय म्हणून." अण्णांचा आवाज बारीक होत गेला. "लोकं दाखवतात."

माझ्या काखेत नकाशा होता. मी तो तिथेच, इंदूबाईंच्या अंगणात, दुरड्यांच्या मध्ये उलगडला. साहेब वाकले. मी बोट ठेवत गेले. कचेरीच्या भिंतीचं पूर्वेकडचं टोक. थांबा. गाळे. आळीचं तोंड. उंबरा. प्रत्येक जागी कुठल्या ना कुठल्या निवडणुकीत रेघ वळली होती. कुणी कट केला नव्हता. कुणी चुकलंही नव्हतं. रेघ नुसती एका बाईच्या मागेमागे चालत आली होती. बाईला उठवलं की गावही उठायचं.

"म्हणजे आपण," सोनटक्के म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत.

झांबरेंनी घसा खाकरला. "साहेब, तरी पण. झाड असो, बाई असो. चिंच शेवटी इथंच होती, ते हिनंच सांगितलं. मग हद्द इथंच. वाक्यात बसतंय."

यशवंतांनी डोकं वर केलं. इंदूबाईंचा हात उंबऱ्यावरच होता. कामट्या चिरून चिरून बोटांवर आडव्या बारीक चिरा पडलेल्या.

सोनटक्क्यांनी चष्मा घातला. या वेळी तो घसरला नाही. "नाही बसत. सीमा रस्त्याने जाते, ओढ्याने जाते, नाहीतर पक्क्या खुणेने जाते. माणूस ही पक्की खूण नाही. आणि वारलेलं माणूस तर..." ते थांबले. "बाईंना हद्द कसं म्हणायचं, झांबरे? त्या आहेत का आता?"

"मग काय घेणार?"

"पुढची पक्की खूण जी असेल ती. पूर्वेला काय आहे?"

"ओढा," मी म्हणाले.

"लिहा. ओढ्यापर्यंत."

*

(आळीला नळ त्या निवडणुकीच्या आधीच आला. मतं आता एका जागी होती आणि झांबरेंना ती हवी होती. मतं मागायला ते आले तेव्हा मागे पाइपांची ट्रॉली होती. मतं त्यांना मिळाली की नाही, हे आळीने कधी सांगितलं नाही. बाभळीचा खुंट कुणी काढला नाही. ओढ्यावर धुणं घेऊन जाणाऱ्या बायका त्याच्यावर बादली टेकवतात आणि त्या जागेला बाभळ म्हणतात.)

*

साहेब गेले, गर्दी पांगली. यशवंता खुंटाकडे गेले आणि वरचा नारळ घेऊन आले. फुकट कशाला घालवायचा, म्हणून त्याचे तुकडे करून वाटले. मला एक आला, मी खाल्ला. इंदूबाईंनी परत टोपली घेतली होती.

"मावशी," मी म्हणाले, "तुम्हांला कसं कळलं, साहेब असं म्हणतील ते?"

"काय म्हंतील?"

"ओढ्यापर्यंत घ्या म्हणून."

"मला काय ठावं?" त्यांनी कामटी दाताने सोडवली. "मला वाटलं, आळी गेली. नळ गेला. दीर घरात घ्यायचा न्हाई म्हनलं आता."

"मग का सांगितलंत?"

त्यांनी ती कामटी आत ओवली आणि दुसरी घेतली.

"मेल्यानं बाभळ आनली वो," त्या म्हणाल्या. "चिंच तरी आनायची. तिच्या जागी बाभळीचा खुंट. वर कुकू. माझी सासू इधवा होती. मला बघवंना."

मी हसले. त्याही हसल्या, पण मग डोळे पुसले, कामटीची धूळ गेल्यासारखं करून.

*

अंतिम आराखड्याचं वाक्य मी लिहिलं. "जुन्या कचेरीच्या भिंतीपासून पूर्वेकडे ओढ्यापर्यंत, तेथून ओढ्याने दक्षिणेकडे." ढोले अण्णांनी ते वाचलं, परत वाचलं आणि म्हणाले, "मोकळं मोकळं वाटतंय."

आराखडा भिंतीवर लागला त्या दिवशी इंदूबाई पालिकेत आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. आळी अख्खी पाचमध्ये, एकाही घराला कात्री नाही. त्यांनी मान डोलावली. पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

"चिंच म्हनला न्हाई तुमी."

"काढावं लागलं, मावशी. ओढा घेतला ना."

"हितनं बी?"

"हो."

इंदूबाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, त्याच्यावरच्या पालिकेच्या गोल शिक्क्याकडे, आणि पदर खोचला.

"म्हंजी उठवलीच म्हना पुन्यांदा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. हापशावर नंबर लावून आल्या होत्या.

*

आळीच्या तोंडावरून तान्हूबाईंना उठवलं ते निवडणुकीसाठी. मतदान केंद्राचा मांडव तिथे घालायचा होता.